दोन बोटं खोल

अगं, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. कोपऱ्यावरचं ते कपडे आखूड-लांब करून देणारं दुकान आहे ना, तिथली ती पोरगी, जिला सगळे कात्री म्हणतात. गळ्यात कायम टेप, कानामागे खडू. तिला तिच्या खऱ्या नावाने घरचेसुद्धा हाक मारत नाहीत. तर तिने यंदा शेती केली. हसू नकोस. जिने आयुष्यात कुंडीतलं एक रोपटं जगवलं नव्हतं, तिने.

झालं काय, तिची आत्या पडली. घरातच, सपाट फरशीवर, हातात चहाचा कप घेऊन चालताना. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आत्या येऊन राहिली यांच्याकडे, खिडकीच्या खोलीत. आता ही आत्या म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगते. पाणीपुरवठ्याच्या टाकीमागे ते जमिनीचे तुकडे आहेत बघ, लोक भाडं भरून भाजी लावतात, त्यातला एक तिचा. लग्नाच्या आधीपासूनचा. नवरा गेला, नोकरी संपली, पण तो तुकडा काही तिने सोडला नाही. आणि त्या तुकड्यात तिच्या त्या वेलाच्या शेंगा. बी गुलाबीसर तपकिरी, त्यावर ठिपके. बाजारात कुठे मिळत नाही. आत्याच्या आईकडून आलेलं, दरवर्षी थोडं ठेवायचं, दरवर्षी लावायचं. ठेवायचं कशात, तर बटणांच्या डब्यात, बटणांसकट. म्हणे बटणांत उंदराला बी सापडत नाही.

तर ऑपरेशननंतरचे व्यायाम शिकवायला एक बाई यायची, ती म्हणायची, आजी, वॉकर धरा, दारापर्यंत चला. आत्या म्हणायची, दारापर्यंत कशाला, दारात काय आहे? पण वाफ्यापर्यंत जायचंय म्हटलं की उठायची. दात-ओठ खाऊन उठायची. रोज खाटेपासून कपाटापर्यंत, आणि विचारायची, हे टाकीमागच्या फाटकाच्या किती जवळ आलं?

आणि नेमकं तेव्हाच कात्रीच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हटलं की आता तो तुकडा देऊन टाकावा, अक्का काही परत वाकणार नाही. हळू आवाज कसला, त्यांचा हळू आवाज शेजारच्यांना पाठ असतो. आत्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई आली तर ही भिंतीकडे तोंड करून. दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच.

कात्रीच्या डोक्यात सणक गेली. तिने टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुकडा मी करते.

बाबा म्हणाले, तुला मुळा आणि गाजरात फरक कळतो का. ती म्हणाली, रंगाने कळतो.

पण नियम होता. त्या तुकड्यांचे एक अध्यक्ष आहेत, पूर्वी बसचे कंडक्टर, अजून गळ्यात शिट्टी घालून फिरतात, म्हणून सगळे शिट्टीकाका म्हणतात. त्यांची मोसमात एक फेरी असते. फेरीला निम्मा तरी तुकडा हिरवा दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला. घरातल्या कुणी केला तरी चालेल, आजारी माणसाला सूट आहे, पण हिरव्याला सूट नाही. यादी ही एवढी लांब, लोक पोरं होण्याआधी नाव घालून ठेवतात.

मग काय, दुकान सुटलं की कात्री टाकीमागे. हरळी उपटली, म्हणजे उपटली असं तिला वाटलं, दोन दिवसांनी परत तितकीच. शेवटी तिने निम्मा तुकडा जुन्या घोंगड्या आणि काळ्या कागदाने झाकून टाकला, मरू दे तिकडे गवत, आणि उरलेला निम्मा, जेमतेम एका मांडवाचा चिंचोळा पट्टा, खोदून काढला. हाताला फोड आले. दुकानात सुई धरवेना. मालकीणबाई म्हणाल्या, तू कपडे शिवायला येतेस की विश्रांतीला?

घरी आत्या खाटेवरून हुकूम सोडायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, अगदी तेच, फक्त उंटाच्या जागी उशा. पण एक झालं, हुकूम सोडायचा म्हणून ती उठून बसायला लागली. वॉकर परत हातात आला.

आणि पेरणीच्या दिवशी आत्याने डबा दिला आणि सांगितलं, बी दोन बोटं खोल, हातभर अंतर, वर हलकी माती. थोडं बी घरी ठेव. एवढं नीट सांगितलं.

कात्रीने काय केलं असेल? तिने दोन काठ्यांना दोरा ताणला. टेप लावली. ओळ अशी सरळ की पॅन्टची इस्त्री लाजेल. प्रत्येक बियाची जागा खडूने दोऱ्यावर खूण करून. आणि घरी ठेवायचं बी? नाही ठेवलं. तिला वाटलं, ओळ मध्येच रिकामी राहिली तर निम्मा कसा भरायचा. सगळं घातलं. सगळं म्हणजे डबा उलटा करून, बटणांतून शेवटचं बी वेचून.

आठवडा गेला. काही नाही. दुसरा लागला. काही नाही. वाफा असा सपाट, जणू कुणी चादर घातलीये. शेजारच्या तुकड्यातला बेकरीवाला, पहाटेचं काम आटपून दुपारी तिथेच पडलेला असतो, तो कुंपणावरून बघायचा आणि म्हणायचा, पोरी, नुसती माती पिकवतेस का? चांगला माणूस आहे, फक्त जिभेला खमीर जास्त.

फेरी परवावर आली. संध्याकाळी कात्री आत्याच्या खाटेशी बसली आणि म्हणाली, काहीच उगवलं नाही गं. आत्याने पाणी विचारलं, ऊन विचारलं, पाखरं विचारली. मग म्हणाली, दोन बोटं खोल घातलंस ना?

हो म्हणाली ती.

दाखव बरं कसं.

कात्रीने उशी ओढली, तर्जनी आणि मधलं बोट जोडलं, आणि खुपसली की उशीत. पार मुळापर्यंत. आख्खी बोटं.

आत्याने डोळे मिटले. मग डोळे न उघडता म्हणाली, "गिऱ्हाईक आलं, म्हणालं पॅन्ट दोन बोटं आखूड करा, तर तू बोटाच्या लांबीएवढं कापतेस का गं?"

आता बघ, कात्री दिवसातून दहा वेळा हाच शब्द ऐकते. दोन बोटं आत घ्या, बोटभर सैल सोडा. कापडावर तिला झोपेतसुद्धा कळतं की बोट म्हणजे बोटाची रुंदी. पण मातीसमोर गेली आणि अक्कल फाटकाबाहेर ठेवली. समोर माती, हातात बी, बोटं आहेतच, घातली खोल.

तिने विचारलं, मग मेलं का सगळं? आत्या म्हणाली, काही कुजलं असेल, काही वाट शोधत असेल, मला इथून काय दिसतंय. आणि परत तोंड भिंतीकडे. डब्यात आता नुसती बटणं उरलीत हे कात्रीने तिला सांगितलंच नाही. कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी दाढ दुखते म्हणून तिने दुकान बुडवलं. टाकीमागे पोचली, वाफ्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि तिला पहिल्यांदा स्वतःच्या धंद्याची आठवण झाली. शिवण चुकली की काय करतात? उसवतात. कापड फेकत नाहीत. आणि टाका कुठे आहे हे माहीत असेल तर उसवणं सोपं. तिला तर प्रत्येक टाका माहीत होता, खडूच्या खुणेसकट. तिने परत दोरा ताणला, चमचा घेतला, आणि टाके उसवायचा तो छोटा काटा. दोऱ्याखालची माती थर थर करून बाजूला काढायला लागली. जवळ आलं की चमचा ठेवायचा आणि काट्याने, अगदी रेशमी कापडाला लागतो तेवढ्याच हाताने.

पहिल्या जागी कुजका चिखल. दुसऱ्या जागी काय निघालं सांग? कोटाचं बटण. तपकिरी, चार भोकांचं. म्हणजे बाईसाहेबांनी बटणंही पेरली होती. ती तिथेच खो खो हसली, आणि मग तिला रडू येईल असं वाटलं, पण तिसऱ्या जागी मातीतून पांढरी मान दिसली. वाकलेली, हुकासारखी, मान खाली घालून ढकलत होती वर. जिवंत. मग पाचवी, मग सातवी. ओळीच्या शेवटापर्यंत दुपार टळली. एक लांब चर झाला, आणि त्याच्या तळाशी त्या पांढऱ्या माना. सगळ्या नाहीत, पण पुष्कळ. कमरेचा काटा ढिला झाला तिच्या.

आणि तेवढ्यात बेकरीवाला आला, हातात ट्रे. ट्रेमध्ये रोपं, वीतभर उंच, हिरवीगार, टवटवीत. वेलाच्याच शेंगा, पण दुकानातून आणलेल्या बियांच्या, त्याने स्वतःसाठी केलेली, जास्त झाली होती. म्हणाला, हे लाव. आत्ता लावलंस तर उद्या शिट्टीला हिरवं दिसेल, आख्खा तुकडा वाचेल. कुणाच्या शेंगा आहेत हे काय तो चाखून बघणारे?

ती म्हणाली, आणि या?

तो चराकडे बघून म्हणाला, "त्यांच्या बोडक्यावरच लावायची आहेत, दुसरी जागा कुठे आहे तुझ्याकडे? त्या जगल्या तर जगल्या. पण खरं सांगू, मांडव एकच आहे. ही वर चढली की खालच्यांना ऊन मिळणार नाही."

बाकीचा निम्मा तर घोंगड्यांखाली, हरळीने भरलेला, एका दिवसात होण्यासारखा नाही. तिने ट्रे हातात घेतला. अगं, खरंच घेतला. एक रोप काढून चरावर धरलं सुद्धा. घरी आत्या होती, फोन खिशात होता, विचारता आलं असतं. नाही विचारलं. कारण आत्या काय म्हणेल हे तिला माहीत नव्हतं, आणि काहीही म्हणाली असती तरी मग ते आत्याच्या डोक्यावर बसलं असतं.

तिने रोप परत ट्रेमध्ये ठेवलं. ट्रे कुंपणावर ठेवला. म्हणाली, नको काका.

बेकरीवाल्याने हात टेकले. म्हणाला, तेलही जाईल, तूपही जाईल, धुपाटणं घेऊन बस. आणि ट्रे घेऊन गेला. जाताना तिच्याकडे पाण्याची झारी मात्र ठेवून गेला, बारीक तोंडाची.

फेरीच्या दिवशी शिट्टीकाका आले, मागे यादीतला पहिला माणूस. तोही काही राक्षस नव्हता गं, कडेवर बाळ, डोळ्यांखाली जागरण, आणि कित्येक वर्षं वाट बघत असलेला. शिट्टीकाकांनी झाकलेला निम्मा बघितला, मग खोदलेला निम्मा बघितला, आणि म्हणाले, हिरवं दाखव.

ती म्हणाली, "खाली बसावं लागेल."

त्यांचे गुडघे काय सांगावे, दाराच्या बिजागरीसारखे वाजतात. पण बसले, बेकरीवाल्याचा खांदा धरून. चरात वाकून बघितलं. पांढऱ्या माना अजून वाकलेल्या, पण एकीची घडी उकलायला लागली होती आणि आत बारीक हिरवी रेघ. त्यांनी कडेची माती बोटाने जरा हलवली आणि अजून एक बटण निघालं. ते उजेडात धरून म्हणाले, "याला कोट कधी लागणार?"

बाळाचा बाप हसला. कात्री नाही हसली. तिने सगळं सांगितलं, बोटांचं, उसवण्याचं, आणि हेही की सगळं बी इथेच आहे, घरी एकही दाणा नाही.

शिट्टीकाकांनी बटण तिच्या हातावर ठेवलं आणि बसल्या जागेवरूनच, बहुतेक उठता येत नव्हतं म्हणून, म्हणाले, "नियम हिरव्याचा आहे, पांढऱ्याचा नाही. हा मला मोडता येत नाही, उद्या दुसरा येईल बटणं घेऊन. पण खोदलेल्या जमिनीला मी पडीक म्हणणार नाही." आणि एक घाव दोन तुकडे. खोदलेला निम्मा आत्याचा, झाकलेला निम्मा बाळाच्या बापाचा. तिला म्हणाले, मध्ये रेघ तूच मार, तुझ्या हाताला सरळ जमते.

आणि तिने मारली. स्वतःच्या हाताने आत्याच्या तुकड्याच्या मधोमध दोरा ताणला, टेप लावून, एक बोटही इकडे-तिकडे नाही. रुंदीचं बोट. मग घोंगड्या उचलायला त्या माणसाला हातही लावला.

घरी आली. आत्या खाटेच्या कडेला बसलेली, पाय जमिनीवर. कात्रीने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, ट्रेचंसुद्धा, सगळं बी पेरून टाकल्याचंसुद्धा. बाबा दारात उभे, म्हणाले, लावायची होतीस की ती रोपं, आख्खा तुकडा राहिला असता, शेंगा काय, शेंगाच.

आत्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिने एवढंच विचारलं, "कुठला निम्मा गेला?"

"नळाकडचा."

आत्याने हात पुढे केला. "म्हणजे पाणी लांबून वाहून आणावं लागणार. वॉकर दे इकडे. माझ्याच्याने झारी नाही उचलणार, पण तू उचलतेस कशी हे बघायला कुणीतरी पाहिजे." आणि उठली. कपाटापर्यंत गेली, कपाट ओलांडलं, आणि दारातून बाबांना म्हणाली, सरक.

शेंगा आल्या. ओळीत भोकं आहेत, दात पडल्यासारखी, पण आल्या. आत्या परवा फाटकापर्यंत गेली, कात्रीच्या खांद्यावर भार टाकून, मांडव बघितला आणि म्हणाली, एवढी सरळ ओळ, आता शेंगांना कॉलर बसवणार आहेस का? बाळाचा बाप नळावरून पाण्याची बादली भरून देतो. बेकरीवाला अजून कुंपणावरून ऐकवतो की मूर्खपणा केलास, अर्धा तुकडा हकनाक घालवलास, हिरवं ते हिरवं. आणि ट्रे लावला नाही ते बरं केलंस की वाईट, हे आत्याने आजवर एका शब्दाने सांगितलेलं नाही. कात्रीनेही विचारलेलं नाही. या वेळी फक्त पहिल्या वाळलेल्या शेंगा सोलून बी डब्यात टाकलं, आणि बटणं सगळी बाहेर काढली.

मी मात्र तेव्हापासून तोच विचार करतेय. हातात ट्रे, समोर त्या वाकलेल्या माना, उद्या फेरी. खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?