दहापर्यंत

प्रश्न विचारून तारामतीबाई थांबल्या आणि काचेपलीकडे रणधीरच्या कपाळावर आठी पडली.

"विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? सांगा बरं." एवढं बोलून बाई गप्प. मायक्रोफोनसमोर त्या शांत बसल्या होत्या आणि टेबलाखाली एकेक बोट दुमडत होत्या. दहावं बोट दुमडलं, तेव्हाच त्या पुढे बोलू लागल्या.

कार्यक्रम संपल्यावर रणधीर आत आला. सोनारीतलं हे छोटं एफएम केंद्र तोच सांभाळतो. पेरणी, दवाखाना, बाजार, भरतीच्या परीक्षा अशा बोलण्याच्या कार्यक्रमांवरच केंद्र चालतं. सकाळी आठला बाईंचा 'सांगा बरं' असतो. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून बाई निवृत्त झाल्या, त्याला आता पाच वर्षं होतील. रणधीर त्यांचाच चौथीतला विद्यार्थी. पहिल्या बाकावर बसायचा, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचा हात वर असायचा.

"बाई, दहा सेकंद नुसतं सुनसान," तो म्हणाला. "लोकांना वाटतं मशीन बंद पडलं. म्हातारी माणसं थांबतील. पोरं न्हाय थांबत."

बाईंना ही सवय वर्गातली होती. पुढच्या बाकावरच्या मुलांना तीन आकडे पुरतात, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. मागच्या बाकावरचं मूल मात्र सातव्या आकड्यापर्यंत, आपल्यालाही विचारलंय का, याचाच अंदाज घेत असतं. त्याचा खरा विचार त्यानंतर सुरू होतो. म्हणून दहा.

रणधीरने फोनची वही समोर ठेवली. कार्यक्रम चालू असताना फोन करणाऱ्याचं नाव, गाव आणि वय त्यात लिहितात. महिनाभर रोज पहिलं नाव एकच, धुरपदाबाई, वय एकाहत्तर. त्या उत्तर सांगायच्या, बरोबर असो की चूक, आणि मग गुडघ्याचं सांगायच्या. खालची नावंही साठीच्या अलीकडची नव्हती. पंचविशीच्या आतला एकही फोन नव्हता.

केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब यांनी मागच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं, की तरुण पोरं बोलणं ऐकत नाहीत. ज्या कार्यक्रमाला त्यांचे फोन येत नाहीत, तिथे पुढच्या बैठकीनंतर गाणी लावू. बैठकीला पंधरा दिवस होते.

रणधीरला कार्यक्रम वाचवायचाच होता. त्याने दोन गोष्टी सुचवल्या. बाईंनी सुरुवातीला 'दोस्तांनो' म्हणायचं, आणि त्या दहा सेकंदांत तो वाजतं गाजतं संगीत लावणार. बाई म्हणाल्या, लाव, मलाही काही नवीन शिकता येईल. 'दोस्तांनो' त्यांनी एकदाच म्हटलं, आणि त्यांना स्वतःलाच एवढं हसू आलं की पुढचं वाक्य राहून गेलं. संगीत मात्र रोज वाजू लागलं.

पाचव्या दिवशी कार्यक्रम संपून तास झाला असेल. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. वीस-बावीसची, ओढणीला धुराचा वास, हाताला वाळलेलं दूध. भूमच्या रस्त्याला ओढ्याकडेला खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथली दीपाली म्हणून तिने ओळख दिली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला पावशेर खवा होता. तो तिने टेबलावर ठेवला, पण बोलली ती तक्रारीच्या आवाजात.

"बाई, त्ये गाणं बंद करा. आमाला उत्तर देता येईना."

"कुणाला देता उत्तर?" रणधीरने विचारलं. "फोन तर एक बी येत नाही तुमच्याकडून."

"तुमाला कुठं देतो? आमी एकमेकाला देतो," दीपाली म्हणाली. "आठ-धा जण हाव. ज्याचं चुकलं त्यानं दुसऱ्याच्या चुलीला लाकडं घालायची. आता गाणं वाजतंय तर कोण काय बोललं तेच कळंना. चार दिवस झाले, नुसती भांडणं."

फोन का करत नाही, हे बाईंनी पुन्हा हळूच विचारलं. दीपालीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं बाईंना कसं ठाऊक नाही.

"हात कुठं मोकळे असत्यात, बाई?"

रणधीरचा यावर विश्वास बसला नाही. मोबाईल हातात नसलेली विशीतली माणसं त्याने पाहिलीच नव्हती. शनिवारी एखादा जुना, संगीताच्या आधीचा भाग पुन्हा लागतो, आणि तो संगणकच लावतो, म्हणून दोघं मोकळे होते. सकाळी तो बाईंना मोटारसायकलवर मागे बसवून ओढ्याकडे निघाला.

पत्र्याच्या लांब शेडमध्ये नऊ चुली ओळीने पेटल्या होत्या. प्रत्येक चुलीवर रुंद कढई, आणि कढईपाशी एकेक तरुण मुलगा नाहीतर मुलगी. लांब दांड्याचं उलथणं कढईच्या तळाला घासत सारखं फिरत होतं. मधल्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेडिओ टांगला होता. आठ वाजले आणि बाईंचा आवाज शेडमध्ये आला. कुणी मान वर केली नाही. बाई आत आल्यावर केली होती, तेवढीच. नऊही जणांनी बसल्या जागेवरून नमस्कार म्हटलं, कारण उठणं शक्य नव्हतं.

दीपालीने आपलं उलथणं रणधीरच्या हातात दिलं. "पाच मिनिटं फिरवा. थांबू नगा, तळाला लागंल."

तो फिरवू लागला. दोनच मिनिटांत त्याच्या खिशात फोन वाजला. आण्णासाहेबांचा असणार, त्यांच्यासाठी त्याने वेगळी घंटी ठेवली होती. त्याने डावा हात सोडला तर दांडा एका अंगाला गेला. त्याने पुन्हा दोन्ही हातांनी धरला. फोन वाजत राहिला.

"वाजू द्या," शेजारच्या कढईवरचा मुलगा म्हणाला. "आमचे बी वाजत्यात."

सगळे हसले. रणधीरही हसला. फोन वाजून वाजून बंद झाला.

तेवढ्यात रेडिओवरच्या बाईंनी विचारलं, "विजेच्या तारा उन्हाळ्यात लोंबतात आणि थंडीत ताठ होतात. का बरं? सांगा."

आणि रेडिओ गप्प झाला. नऊ उलथण्यांचा खरखर आवाज तेवढा उरला. बाईंनी सवयीने बोटं दुमडायला घेतली. तिसऱ्या बोटाला कोपऱ्यातली राजनंदिनी म्हणाली, वाऱ्यानं. पाचव्याला दुसरा कुणी म्हणाला, उन्हाळ्यात वीज कमी असते म्हणून. त्यावर हसणं झालं. मग पुन्हा खरखर. शेवटच्या कढईवर शिवशंकर होता. शाळा नववीत सुटलेली, बाईंच्या शाळेत तो कधीच नव्हता. त्याने आठव्या बोटापर्यंत मान वर केली नाही.

"आमचा आजा बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव बसवायचा," तो कढईत बघत म्हणाला. "तापवून बसवायचा. तापली की मोठी व्हायची. तार बी तशीच वाढत आसंल."

बाईंचं दहावं बोट दुमडलं आणि रेडिओवरच्या बाई सांगू लागल्या, की धातू तापला की वाढतो.

शिवशंकरकडे पाहत शेडमधल्या बाईंनी फक्त मान हलवली, वर्गात हलवायच्या तशी. रणधीर उलथणं फिरवायचं विसरला होता. दीपालीने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

पुढच्या शनिवारी तो एकटाच रेकॉर्डर घेऊन पुन्हा भट्टीवर गेला. बैठकीत त्याने फोनची वही उघडलीच नाही, रेकॉर्डर लावला. आण्णासाहेबांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, पोरं बोलतात ते ठीक, पण मधली खरखर तेवढी काढून टाक.

"ती राहू द्या, आण्णा," रणधीर म्हणाला. "ऐकणाऱ्यांचाच आवाज आहे तो."

आण्णासाहेबांनी सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं, आणि आठची वेळ बाईंकडेच राहिली.

फोनच्या वहीत अजूनही रोज पहिलं नाव धुरपदाबाईंचंच असतं, आणि गुडघाही असतो.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला, "ओल्या मडक्यातलं पाणी गार का होतं? सांगा बरं," आणि त्या थांबल्या. संगीत आलं नाही. त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. रणधीर बटणांपासून हात लांब घेऊन बसला होता. त्याचे ओठ मिटलेले होते. उत्तर त्याला येत होतं, ते त्याच्या डोळ्यांत बाईंना दिसत होतं, चौथीत दिसायचं तसंच.

तो एकेक बोट दुमडत होता. तिसऱ्या बोटाशी तो क्षणभर अडला, मग पुढे गेला. बाईंनी आपली बोटं मोजायची सोडून दिली, आणि त्याचं दहावं बोट दुमडेपर्यंत त्या थांबल्या.