बाहेरची हवा

अहमदपूरजवळच्या मठात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती.

"अकरा दिवसांमागं ह्याला दोन पावलं चालवत न्हवतं!" बाबा गरजले. "आता बघा!"

रुद्रेश साठ पायऱ्या धावत चढला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सिद्धम्माची मान ताठ झाली. लेक तिचा होता.

रुद्रेश शेडमध्ये लष्करी ट्रकांना हिरवा रंग फवारायचा. दुपार झाली की छाती आवळायची, श्वासाला शिट्टी लागायची. "बाहेरची हवा लागलीय," बाबांचं निदान. "लढाईत मेलेला फौजी गाडीसंगं आलाय. अकरा दिवस इथंच ऱ्हायचं, गाडीला शिवायचं न्हाई." ट्रक तर कारखान्यातून कोरे आलेले, एकानंही लढाई पाहिली नव्हती. पण भाजीवाल्याच्या तराजूची झडती घेणारी सिद्धम्मा इथं मात्र मुकाट बसली.

रुद्रेश कामावर गेला अन् तिसऱ्या दिवशी धापा टाकत परतला. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले. पुन्हा मठ, पुन्हा बरा, पुन्हा शेड. ह्या खेपेला ओठ निळे पडले, तेव्हा सून विशाखानं सासूला न विचारता रिक्षा बोलावली. शेडमधून घरी आलेला रंगाचा रिकामा डबाही सोबत घेतला. सिद्धम्माही मागोमाग चढली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर जेबांनी आधी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?"

"रविवारी बरं असतंय," विशाखा म्हणाली. सिद्धम्मानं फौजीच्या भुताचं सांगितलं.

"म्हणजे भूत रविवार पाळतंय होय, अव्वा?"

डॉक्टरांनी डबा वाचला. "हा रंगात मिसळायचा दुसरा डबा, रंग घट्ट करणारा. ह्यात आयसोसायनेट असतं. त्यामुळं ट्रकवरच्या रंगात लढाईतला विषारी वायूसुद्धा मुरत नाही. पण फवारताना त्याचं धुकं छातीत जातं. रुमालानं ते अडत नाही. नळीतून स्वच्छ हवा देणारा मुखवटा लागतो. ह्याला बाहेरची हवा लागली नव्हती, अव्वा. मिळालीच नव्हती! मठात मिळाली, म्हणून बरा झाला."

"मग मुखवटा घिऊ की," सिद्धम्मा म्हणाली.

"उशीर झाला. आता ते धुकं जरासं गेलं तरी दम कोंडेल. हे काम सुटलं त्याचं."

सिद्धम्माच्या तोंडात शिव्या लई होत्या, पण द्यायच्या कुणाला? बरं झालेलं लेकरू दोनदा तिनंच शेडमध्ये धाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शेडच्या दारात उभी राहिली. आत चौघं तोंडाला रुमाल बांधून उभे होते.

"मला अक्षर वळखू येत न्हाई. तुम्ही तर शिकलाव. डब्यावरचं वाचा की रे!"

"वाचलंय, अव्वा," एकजण म्हणाला. "मालक मुखवटा देत न्हाई."

रंग फवारायचा कंप्रेसर सुरू झाला. त्याच्या आवाजावर आवाज चढवून ती ओरडत राहिली, "छाती आवळली तर अंगारा लावू नका रे, डॉक्टरला दावा! कोणच्या दिवशी दुखतंय, कशानं दुखतंय, ते बघा! मी तीन खेपा वाट बघितली. तुम्ही एकबी बघू नका!"