फज रुसला की ओतायचा

“हात काढ! हात काढ त्या चमच्यावरून!”

वहिनीनं चमचा असा सोडला, जणू तो तिला चावलाच.

“अहो वन्सं, नुसता सरळ करत होते.”

“सरळ नको नि वाकडा नको. पातेलं कोमट होईस्तोवर त्याला कुणी शिवायचं नाही. आत्ता ढवळलंस की रवाळ झालंच म्हणून समज. मग खा वाळू!”

वहिनी मुकाट्यानं खुर्चीवर जाऊन बसली. मुकाट्यानं म्हणजे तिच्या मानानं. तोंडातल्या तोंडात दोन वाक्यं झालीच.

ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. आठवडाभर लोकांना ‘गोड कमी खा’ म्हणून दटावायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरी दूध, साखर नि लोणी आटवून फज करायचा, यात त्यांना काहीच वावगं वाटत नसे. “वन्सं गिऱ्हाईक तयार करतात, डॉक्टर दुरुस्त करतात,” असं वहिनी जिन्यात भेटेल त्याला सांगायची. ताईंचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, वारला आणि या नणंद-भावजया एकमेकींच्या वाट्याला आल्या त्या आल्याच. भांडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे दोघींचं झकास चाललं होतं.

फजच्या बाबतीत मात्र घरात शुद्ध हुकूमशाही! पातेलं ताईंचं, लाकडी चमचा ताईंचा आणि शेवटी तो चाटायचा मानही ताईंचाच. वहिनीनं डब्याला लोणी चोपडायचं, बस. सगळी मेख एका क्षणात होती. कोमट झालेलं मिश्रण घोटत राहायचं, हात भरून आला तरी घोटत राहायचं. आधी ते आरशासारखं चकाकतं. मग एकाएकी चकाकी जाते. कुणी खोचक बोललं की माणसाचं तोंड उतरतं ना, अगदी तशी. ताईंच्या आईचा त्याला शब्द होता, ‘रुसला’. फज रुसला की ओतायचा. घाई केली तर पाघळतो, उशीर केला तर पातेल्यातच दगड.

आणि ती चकाकी ताईंना हल्ली दिसतच नव्हती.

उन्हाळ्यापासून डोळ्यांपुढे धुकं उतरलं होतं, आणि ते आता हटायचं नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. दवाखान्यात ताईंनी आरशाऐवजी चिमटा पुढे केला. एकदा झालं, पुन्हा झालं. मग दातांच्या डॉक्टरांनी फार मायेनं त्यांना बाहेरच्या टेबलावर बसवलं. “नावं पुकारा, ताई. तुमचा आवाज खणखणीत आहे.” घरी ताईंनी सांगितलं, बढती मिळाली. वहिनीनं ती बढती वरच्या मजल्यापर्यंत पोचवली.

उद्या दवाखान्यातला शेवटचा दिवस. ‘कंटाळा आला, सोडतेय,’ हेही ताईंनीच घरी पसरवलेलं. जाताना डबाभर फज न्यायचा, ताठ मानेनं. ‘ताईंचा हात अजून तस्सा आहे हो,’ एवढं एक वाक्य कानावर पडलं की झालं.

आणि वहिनीला कळलं तर? तिचं मन मोठं, पण तोंड त्याहून मोठं. उद्यापासून सुरू होईल, ‘वन्सं, तुम्ही बसा हो, मी करते.’ त्या ‘बसा हो’ची ताईंना अंधारापेक्षा जास्त भीती वाटत होती.

त्यांनी पातेल्याच्या बुडाला तळहात लावला. कोमट. चमचा उचलला आणि घोटायला लागल्या. पातेलं खिडकीकडे कललं, मग इकडे, मग तिकडे. चकाकतंय की नाही? चकाकतंय बहुतेक. वहिनी रस्त्यापलीकडच्यांच्या नव्या पडद्यांवर बोलत होती. चमचा जड झाला. आणखी जड झाला. मग ताईंनी हात काढला तरी चमचा उभाच राहिला, शिपायासारखा.

वहिनी बोलायची थांबली.

“आज उजेडच मेला नाही घरात,” ताई म्हणाल्या.

ओट्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

वहिनीनं उन्हाकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. इतकी वर्षं साठवलेले टोमणे जिभेवर रांग लावून उभे असणार. तिनं सगळे गिळले.

“साखरच खोटी आहे मेली. मीच आणली ना ती,” ती उठत म्हणाली. “दूध घालून वितळतं ना हे परत?”

“वितळतं.”

पातेलं पुन्हा गॅसवर चढलं. उकळी आल्यावर गार पाण्यात थेंब टाकून बघायचं काम ताईंनीच केलं. पाण्यात बोटं घालून त्यांनी मऊ गोळी चिमटीत दाबली. त्याला डोळे लागत नाहीत. गॅस बंद. व्हॅनिलाचे थेंब, लोण्याचा गोळा, आणि मग ती जीवघेणी वाट. वहिनी दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती.

घोटणं सुरू झालं तशी वहिनीनं खुर्ची टेबलाला अगदी लावून घेतली.

“काय गं?”

“बघते. शिकेन म्हणते.”

“या वयात?”

“या वयात तुम्हाला बढती मिळते, मग मला शिकायला काय झालं?”

ताईंचा हात अर्ध्या फेऱ्यात अडखळला. मग पुन्हा फिरू लागला.

“वन्सं, विचारू का? हसू नका हं,” वहिनी हळूच म्हणाली. “हा रुसला म्हणायचा, की अजून अवकाश आहे?”

रस्त्यापलीकडच्या पडद्यावरची फुलं मोजणारी बाई! तिला नाकासमोरची चकाकी गेलेली दिसेना?

चमचा थांबला. ताईंना सगळं कळलं. कळून त्या डाफरल्या, “रुसलाच की! डोळे फुटले का तुझे?”

“फुटलेत हो,” वहिनी म्हणाली. “ओता लवकर.”

ताईंनी पातेलं कलतं केलं. धार जिकडे पडली तिकडे डबा गुपचूप सरकला. एक थेंब सांडला नाही.

मग ताईंनी चमचा तोंडाशी नेला, आणि मध्येच थांबून तो टेबलापलीकडे धरला. वहिनी बसली होती त्याच्या जरा डावीकडे, रिकाम्या जागेत.

“घे.”

“अहो, मान तुमचा.”

“घे म्हणते ना.”

वहिनीनं आवाज न करता खुर्ची डावीकडे सरकवली आणि चमचा तोंडात घेतला.

“वाळू?” ताईंनी विचारलं.

“लोणी,” वहिनी म्हणाली.