डब्यावरच्या ओळी

बारक्या नावालाच बारक्या. वय पंचेचाळीस, वजन शंभराला टेकलेलं. हे नाव काकांनी ठेवलेलं, आणि डेटाबेसचं काम हाताला धरून शिकवलं तेही त्यांनीच. ऑफिसातले हे काका जाऊन महिना झाला आणि साहेबांचा हुकूम आला: त्यांचं डेटाबेसवरचं खातं आजच्या आज काढून टाका.

बायकोचं कौतुक करायचं म्हटलं की काकांची दातखीळ बसायची. तीस वर्षं तिचा डबा चाटूनपुसून खाल्ला, पण घरी चकार शब्द नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र काकूंना म्हणाले, "जेवण झालं की तुझ्या डब्यावर रोज एक ओळ लिहायचो, ऑफिसच्या मशीनवर. बारक्याकडून मागून घे." काकूंनी मागितल्या. बारक्यानं शब्द दिला.

खातं काही सुखासुखी निघेना. काकांच्या नावावर अजून टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, आहेत म्हणून मशीन अडून बसलं. रीत ठरलेली होती: आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची, मग त्या नावावर उरलंसुरलं सगळं पुसून साफ करणारी कमांड, मग खातं. तेही प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगवेगळं. काकांनी हे त्याच्याकडून शंभरदा घोकून घेतलं होतं. तरी बारक्यानं मुख्य डेटाबेसमधली मालकी स्वतःकडे घेतली आणि सगळीकडचीच आली असं धरून चालला. ओळी नंतर निवांत छापू म्हणाला. सरावासाठी ठेवलेल्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये त्यानं मालकी न बदलताच थेट साफसफाई चालवली. खातं निमूट निघालं.

ओळी सरावाच्या डेटाबेसमध्येच होत्या. तिथला बॅकअप जागा वाचवायला बारक्यानंच बंद केला होता. हे ध्यानात आलं तेव्हा एवढा दांडगा माणूस, पण खुर्चीतच ढसाढसा रडला.

संध्याकाळी तो काकांच्या घरी गेला तेव्हा काकू चष्मा पुसून तयारच बसल्या होत्या. "आणलंस? दे."

थाप अगदी ओठांवर आली होती, पण काकांच्या रिकाम्या खुर्चीसमोर जीभ वळेना. "काकू, माझ्या हातून पुसलं गेलं. सगळंच."

काकूंनी चष्म्याची काडी मिटली.

"एखादी तरी ओळ वाचली असशील?"

"नाही हो. त्यांचं खाजगी, म्हणून कधी उघडलंच नाही."

"म्हणजे याही वेळी नाहीच सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या.

मग चष्मा डबीत ठेवून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. "जेवून जा. आणि कसं झालंय ते तोंडानं सांग."