अलूणीनाथांच्या गळ्यातली शिंगी

मी एक जुनी शिंगी आहे. काळविटाच्या शिंगाचं टोक कोरून केलेली, करंगळीहून थोडी लांब, आरपार भोक असलेली. नाथजोगी मला काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात आणि पहिला घास घेण्याआधी फुंकतात. मी वाजले तर जेवण, नाही वाजले तर उपास. मित्रांनो, मला एवढं एकच काम येतं. पण त्याच एका कामापायी एका माणसाला अकरा वर्षं नाक घासावं लागलं, आणि ते बघताना मला फार गोड वाटलं. हे तुमच्यापासून मी लपवणार नाही.

माझं काळवीट मिठाच्या ओसाड रणाच्या काठावर म्हातारपणाने मेलं. अलूणीनाथ तेव्हा तरुण होते. उत्तरेकडून पायी आलेले, कान नुकतेच चिरलेले, कुंडलांच्या जखमा अजून ओल्या. त्यांनी आधी मेलेल्या जनावराला हात जोडले, मग शिंग उचललं आणि आठ दिवस बसून मला कोरलं. भोक पाडताना त्यांचा अंगठा दोनदा फाटला. त्या दिवसापासून मी त्यांच्या गळ्यात होते. त्यांच्याविषयी जे जे सांगितलं जातं, ते सगळं घडताना किंवा न घडताना मी पाहिलेलं आहे.

लोक म्हणतात, नाथांनी रणातल्या बेटावर बारा वर्षं डोक्यावर उभं राहून तप केलं, आणि डोळे उघडले तेव्हा नजर पडेल तिथला समुद्र आटून त्याचं मीठ झालं. डोक्यावर ते रोज सकाळी उभे राहायचे, हे खरं. मी लोंबून त्यांच्या नाकावर आपटायचे आणि त्यांना हसू फुटायचं, की झालं तप. समुद्र त्यांच्या येण्याआधीच आटलेला होता. लोक असंही म्हणतात, की त्यांनी चिमटा आपटला आणि गोड्या पाण्याचं तळं फुटलं. साफ खोटं! ते तळं तीन उन्हाळे कुदळीने खणलंय. खणणारे नाथ आणि सामत अगरिया, आणि माती वाहणारी सामतची बायको जीवी. पण लोकांना कुदळीपेक्षा चिमटा जास्त आवडतो, त्याला मी काय करणार?

एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि तीच कुणी धड सांगत नाही. आमच्या रणात अगरिये मीठ पिकवतात. जन्मभर अनवाणी खाऱ्या पाण्यात उभे राहतात. त्यांच्या पायांत मीठ इतकं मुरतं, की सरणावर सगळा देह जळतो, पाय तेवढे जळत नाहीत. ते वेगळे मातीत पुरावे लागतात. नाथांनी असं एक सरण पाहिलं. त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी मिठाची वाटी बाजूला सारली ती कायमची. म्हणाले, "ज्याला हे पिकवताना पाय द्यावे लागतात, त्याच्यासमोर मी ते चवीने कसं खाऊ?" तेव्हापासून ते अळणी जेवणारे, म्हणून अलूणीनाथ. आणि तळ्याचा नेमही तेव्हाचाच. पहिली घागर अगरियांची, मग तळ्याकाठच्या नाथांच्या मठाची.

नाथांचा एक चेला होता, झवेरनाथ. दिसायला देखणा, गळा गोड. बारा वर्षं, चिमटा, आटलेला समुद्र, हे सगळं त्याच्याच गोड गळ्यातून निघालेलं. नाथ ऐकायचे आणि म्हणायचे, "झवेर, थोडं मीठ कमी घाल रे." त्याने कधी कमी घातलं नाही.

मग नाथ म्हातारे झाले. श्वास पुरेना. ते मला ओठांना लावायचे, माझ्यातून नुसती हवा जायची, आणि ते ताट परत पाठवायचे. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जीवी ताक घेऊन आली. तिला आता सगळे जीवीमा म्हणत.

"बापू, ताट तसंच?"

"शिंगी वाजत नाही गं. फुंकर पुरत नाही."

"एवढंच ना? मी फुंकते. पोट तुमचं, फुंकर माझी. चालेल का तुमच्या गुरूंना?"

"विचारून सांगतो," नाथ म्हणाले. "तोवर फुंक."

तिने फुंकलं. मी अशी खणखणीत वाजले, की अंगणातली कबुतरं उडाली. दोन महिने नाथ तिच्या फुंकरीवर जेवले. झवेरनाथ दारात उभा राहून दातओठ खायचा. बाईमाणूस, त्यातून अगरियाची, आणि मठाची शिंगी तिच्या तोंडात!

वैशाखात त्याने डाव साधला. जत्रा जवळ आली होती. पाहुण्यांना पाणी पुरायला हवं, अगरियांच्या पायांचं मीठ उतरून तळं खारट होतं, असं म्हणून त्याने तळ्याला फाटक बसवलं आणि फाटकाला कुलूप घातलं. जीवीमाला मठाचा उंबरा बंद केला. नाथ अंथरुणावर होते, त्यांना कुणी सांगितलं नाही. मी त्यांच्या गळ्यात होते आणि खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

त्याच आठवड्यात सामत तापाने पडला. जीवीमा भर दुपारी घागर घेऊन फाटकापाशी आली.

"झवेर, एक लोटा दे. गोडं पाणी मागतायत ते. त्यांनीच खणलंय रे हे."

"दुपारी किल्ली काढत नाही. थांब."

ती थांबली. ऊन कलेपर्यंत थांबली. मग रिकामी घागर घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत शेजारीण सांगत आली, की सामत गेला.

इकडे नाथांचं ताट परत जायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी झवेरला खुणेने बोलावलं. "तू फुंक ना रे."

"गुरुजी, ज्याचा घास त्यानेच फुंकायचं. नेम तुम्हीच शिकवलात." असं म्हणून त्याने पदराने पुसावं तसं हसू पुसलं आणि ताट उचलून नेलं. चौथ्या दिवशी सकाळी नाथ गेले. उपाशी गेले. मित्रांनो, हे कुठल्याही कथेत नाही. मी त्यांच्या छातीवर होते, आतला आवाज थांबला तेव्हा मला कळलं, आणि त्याच क्षणी मी शपथ घेतली, की याला मी सोडणार नाही.

नाथांना जाळत नाहीत. खड्ड्यात आसन घालून बसवतात आणि भोवती मीठ भरतात. जन्मभर ज्यांनी मिठाला तोंड लावलं नाही, त्यांच्या गळ्यापर्यंत मीठ आलं, माझ्याही भोकात शिरलं. मी निवांत होते. गुरूची शिंगी गुरूबरोबर जाते, ही रीतच आहे. तेवढ्यात झवेरनाथ पाया पडायचं निमित्त करून वाकला. त्याने मला ओढून काढलं आणि माझ्या जागी स्वतःची शिंगी अडकवली. वर मीठ पडलं, शिळा बसली. मग तो लोकांकडे वळला.

"गुरूंनी शेवटचा श्वास या शिंगीत ठेवला आणि ती मला दिली. आजपासून मी हिच्याशिवाय दुसऱ्या कशावरही जेवणार नाही!"

लोकांनी जयजयकार केला. मीही मनात केला. मूर्खाने आपल्या हाताने आपली मान माझ्या दोऱ्यात दिली होती.

भंडाऱ्याला पाच गावं जेवायला बसली. बाजरीचे रोटले, खिचडी, तूप, गूळ, सगळं वाढून झालं. नव्या गादीवाल्याने शिंगी फुंकल्याशिवाय कुणी घास घेत नाही. झवेरनाथने मला ओठांना लावलं आणि फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. तोंड लालबुंद झालं, गालांचे फुगे झाले, कुंडलं हलली. मी मुकी.

राणा आहीर नावाचा बोळका म्हातारा पंगतीतून ओरडला, "नाथजी, आत गुरूंचा श्वास आहे म्हणता ना? मग तुम्ही कशाला एवढे फुगताय? त्यालाच म्हणा, बाहेर ये!"

पंगत हसली. झवेरनाथ म्हणाला, गुरूंची इच्छा, मला उपास. लोक जेवले, तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चोरून खायची सोय नव्हती, कारण चमत्कार बघायला लोक मठात ठाण मांडून बसले होते. दुसरी शिंगी घ्यायचीही सोय नव्हती, कारण मग स्वतःची कुठे गेली ते सांगावं लागलं असतं. त्याच्या पोटातला आवाज मला गळ्यापर्यंत ऐकू यायचा. ऐकून मी तृप्त व्हायचे.

चौथ्या दिवशी जीवीमा आली. काळी ओढणी घेतलेली, सामतचे पाय पुरून आलेली. तिने मला हातात घेतलं, भोकातून उजेड पाहिला आणि हळूच जिभेला लावलं. मग म्हणाली, "वाजेल. आधी कुलूप काढ."

पाच गावांसमोर त्याला कुलूप काढावं लागलं. तिने मला तळ्यात बुडवलं, ओढणीच्या आड पुसलं आणि फुंकलं. मी वाजले! झवेरनाथ दोन्ही हातांनी खिचडीवर तुटून पडला. ज्या बाईला त्याने उंबऱ्याबाहेर काढलं, तिच्या फुंकरीवर तो जेवला. मी जन्मात इतकी खूश झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फुंकून पाहिलं. मुकी. जीवीमाला निरोप गेला. ती आली, दाराबाहेर जाऊन मला पुसून आली, फुंकलं, मी वाजले. हे अकरा वर्षं चाललं. ती सावकाश यायची. आधी शेळ्यांचं, मग चुलीचं, मग शेजारणीशी दोन गोष्टी. खिचडी गार व्हायची, तुपाचा गोळा व्हायचा, झवेरनाथ दारात वाट बघत उभा. राणा आहीर मुद्दाम यायचा. "बसा नाथजी, मा अजून केस विंचरतेय." तळ्याला पुन्हा कुलूप लागलं नाही. लावायची छाती नव्हती. मी स्वतःशी म्हणायचे, बघा, एवढंसं शिंग, पण काय सूड घेतला!

मग एकदा सकाळी निरोप्या एकटाच परत आला. जीवीमा उठत नव्हती. झवेरनाथ स्वतः तिच्या झोपडीत गेला, कालपासून उपाशी.

"मा, एकदा फुंक."

"बाजरीची काडी घे," ती म्हणाली. "भोकात फिरव."

त्याने फिरवली. त्याच्या तळहातावर मिठाचा एक खडा पडला.

"अकरा वर्षं?"

"रोज एक. परत देताना घालायचे. सामतच्या ओठांवर शेवटी हेच होतं."

"मग आज का सांगितलंस?"

"आता मी येणार नाही. तुला उपाशी मारायला मी काय झवेरनाथ आहे?"

तिने डोळे मिटले. त्याने मला तळ्यावर नेऊन धुतलं आणि फुंकलं. मित्रांनो, मला वाजायचं नव्हतं. जिवाच्या आकांताने मला मुकं राहायचं होतं. पण मी वाजले, नाथांच्या फुंकरीला वाजत होते तितकीच स्वच्छ. तेव्हा मला कळलं, सूड मी घेतलाच नव्हता. तो तिने घेतला आणि तिनेच सोडला. मी एक पोकळ शिंग, मोकळं केलं की कुणाच्याही फुंकरीला वाजणारं.

जीवीमाचे पाय सामतच्या शेजारी पुरले. झवेरनाथ अजून गादीवर आहे. आता तो कथेत सांगतो, की गुरूंच्या आज्ञेने त्याने अकरा वर्षं भुकेचं खडतर व्रत केलं. लोक डोळे पुसतात. कुलूप कोठीत आहे, गंज चढू नये म्हणून तो त्याला दर वैशाखात तेल लावतो.

म्हणून मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असलं काही मी मागत नाही. तळं जपा. फाटकावर पुन्हा कुलूप दिसलं, तर चमत्काराची वाट बघत माझ्या तोंडाकडे पाहू नका. मी त्याच्या गळ्यात असेन, आणि तो फुंकेल तेव्हा वाजत असेन.