ओल्या मडक्यांपासून दूर

सकाळी उठून घरातला धाकटा मुलगा, थोरल्या सुनेचा दीर, आधी अंगणात गेला, मग ओरडला, मग त्याने चहा मागितला. हा क्रम आता घराच्या अंगवळणी पडला होता.

"गेली का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"गेली. अख्खी रांग."

रांग म्हणजे सुकायला ठेवलेली ओली मडकी. पूर्वी ती सावलीत सावकाश, रुसलेल्या पाहुण्यासारखी सुकत. अलीकडे मात्र ज्या दिवसांत सकाळी दव पडायचं, त्याच दिवसांत गरम वारा सुटे. मडक्याची एक बाजू वाळे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ताच नसे. मग गळ्यापासून बुडापर्यंत तडा.

कुंभारांच्या त्या वस्तीत याचं कारण कधीच ठरलं होतं. ओल्या मडक्यावर विधवेची नजर पडू नये, असा जुना नियम होता. सासूबाई स्वतः विधवा होत्या, पण त्यांचे यजमान म्हातारे होऊन गेले होते, त्यामुळे त्यांना धरायचं नाही, असा निकाल नानांनी दिला होता. नाना वस्तीतले सर्वांत वडीलधारे कुंभार. त्यांना जे सोयीचं नसे, ते नियमात बसत नसे. थोरल्या सुनेचा नवरा मात्र ऐन उमेदीत तापाने गेला. ती धरली गेली.

आधी तिला अंगण बंद झालं. मडकी तडकतच राहिली. मग ओसरी बंद झाली आणि तिला मागच्या खोलीत बसवलं. तरी तडे. नानांनी खोलीची भिंत बोटाने चाचपली. "या फटीतून नजर जात असणार." फट मडक्यांच्याच मातीने लिंपली. दोन दिवसांत गरम वाऱ्याने ते लिंपणही तडकलं. हाही थोरलीविरुद्धचा पुरावा मानला गेला.

आज नाना चहाच्या वेळेलाच आले आणि म्हणाले, "ओढ्यापलीकडे माती साठवायची जुनी कोठी आहे ना? तिथे राहू दे हिला."

"एकटी?" धाकटी सून म्हणाली.

"कोठीत किती जण मावतात?" नाना म्हणाले. "आणि तू मध्ये बोलू नकोस. घरात आहेस, तेच पुष्कळ समज."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कपातल्या चहाकडे पाहिलं. चहाने काही बाजू घेतली नाही.

थोरलीने एक पातेलं, चादर आणि मडकी घोटायचा गुळगुळीत दगड घेतला. "आई, येते," म्हणाली.

"जा," सासूबाई म्हणाल्या. ये म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण नाना समोर होते.

कोठी बुटकी होती, ओढ्याच्या उंच काठाला टेकलेली. तिथे ऊन उशिरा येई आणि लवकर जाई. माणूस तर येतच नसे. पहिल्या दिवशी थोरलीने सवयीने घरच्या सगळ्यांचा भात टाकला. तो तिला दोन दिवस पुरला. पुढे ती मोठ्याने बोलू लागली, "आज मीठ जास्त झालं बरं का," आणि स्वतःच "चालतंय" म्हणू लागली. ऐकणारं कोणी नसलं, की आपलाच आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो.

पण तिच्यासारखं मडकं घोटणारं वस्तीत दुसरं कोणी नव्हतं. पेच पडला. नानांनी तोही सोडवला. "हात चालतील, नजर नको. भिंतीकडे तोंड करून घोटू दे."

दीर मडकी कोठीपाशी ठेवून जाई. थोरली भिंतीकडे बघत ती घोटे. एकदा घोटलेली मडकी न्यायला येताना उन्हाने त्याला चक्कर आली आणि तो चार दिवस घरी पडून राहिला. मडकी कोठीच्या सावलीत तशीच राहिली. तो आला तेव्हा ती सुकली होती. एकालाही तडा नव्हता.

ही बातमी वस्तीत पोचायला अर्धा तास लागला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या ओल्या मडक्यांनी भरलेल्या फळ्या ओढ्यापलीकडे आल्या. कोठीसमोर रांगाच रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या लक्षात आलं, की ओल्या मडक्यांमध्ये विधवा बसली आहे.

"उठ गं," ते म्हणाले. "इथे आता मडकी आहेत. तू घरी जा."

"घरी?"

"तिथे मडकी नाहीत. तिथे तू चालशील."

दीर पुढे झाला. "चल वहिनी. आई पण म्हणत होती."

या शब्दांसाठी ती इतके दिवस कान लावून बसली होती. ती उभी राहिली. रांगांकडे, पहिल्यांदाच सरळ, तिने पाहिलं. आणि पुन्हा खाली बसली.

"मी नाही उठणार."

"तडे जातील!"

"जाऊ देत. सगळं खापर माझ्यावर फोडलंत, पण मी एकही तडा जाताना पाहिलेला नाही. मला एकदा बघायचाय."

मडक्यांच्या मागोमाग सगळी वस्तीही जमली होती. सगळे काठावर बसून मडक्यांकडे बघू लागले. दुपार चढली, तसा गरम वारा ओढ्यातून वर आला. रांगेच्या टोकाला, कोठीच्या आडोशाबाहेर, थोरलीपासून सर्वांत लांब, नानांच्याच रांजणाची वाऱ्याकडची कड बारीक आवाज करत फुटली. थोरलीची पाठ तिकडे होती. ती वळेपर्यंत तडा खाली पोचला होता.

"बघितलंस?" नाना ओरडले.

"बघितलं," ती म्हणाली. "वारा होता."

तिने चादर उचलली, ओढ्यात भिजवली आणि जवळच्या मडक्यांवर पांघरली. मग पदर भिजवून पुढच्या मडक्याला गुंडाळला. "हात लावा कोणीतरी. माझ्याकडे कापड संपलं."

काठावर हालचाल झाली नाही. मग धाकटी उठली.

"कुठे निघालीस?" तिचा नवरा म्हणाला.

"कापड भिजवायला. तुमचं उपरणं द्या."

"माझं?"

"वाऱ्याला चालतं कोणाचंही."

ते त्याच्या खांद्यावरून ओढून घेऊन ती ओढ्यात उतरली. दोघी जावा रांगेने पुढे सरकत राहिल्या. बाकीची वस्ती काठावर बसून होती, प्रत्येकाच्या खांद्यावर किंवा डोक्यावर कापड होतं. पलीकडच्या रांगा अजून उघड्या होत्या आणि वारा वाढत होता.