शक्यतो शाकाहारी

सुगंधा परब घाटकोपरच्या एका खासगी विद्यापीठात सामाजिक न्याय हा विषय शिकवायची, आणि जीव ओतून शिकवायची. जात, धर्म असे शब्द निघाले की पोरं माना खाली घालतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून यंदा तिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि जेवणापासून सुरुवात करायचं ठरवलं. प्रत्येकानं घरचा एक पदार्थ आणायचा, त्याची गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

चेतना खरात वर्गात फारसं बोलायची नाही. राहायला भांडुपला, घरचे बौद्ध, मूळ जालन्याकडचे. आई, जया, पोस्टात नोकरीला. सुगंधानं तास संपल्यावर तिला गाठलं.

"तुमच्याकडे खास काय करतात गं?"

"आई वजडी भारी करते. पण ती नको मॅडम. बकऱ्याची आतडी म्हटलं की लोक नाकं मुरडतात."

"मग तीच आण. आणि आईलाही घेऊन ये. त्यांनाच सांगू दे."

चेतना हसली. तिला असं मोकळं हसताना सुगंधानं तोवर पाहिलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख अनिरुद्ध सरांनी सुगंधाला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, कल्पना झकास आहे तुमची. विश्वस्तही येतायत. फक्त हॉलमध्ये नॉनव्हेज नको. त्यांना चालत नाही, उगाच वाद कशाला?"

सुगंधाकडे उत्तर तयार होतं. कुणाचं अन्न शुद्ध आणि कुणाचं नाही हे कोण ठरवतं, हा तर तिचा पहिलाच धडा. पण इतकी वर्षं कंत्राटावर काढल्यावर तिला कायम करायचा विषय याच महिन्यात विश्वस्तांपुढे जायचा होता. "बघते सर," एवढंच ती म्हणाली.

चेतनाला फोन करायला तिनं मोबाईल हातात घेतला आणि खाली ठेवला. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? शेवटी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'उद्या शक्यतो शाकाहारी पदार्थ आणावेत.' शक्यतो हा शब्द घातल्यावर तिला जरा हायसं वाटलं. चेतना हुशार आहे, समजून घेईल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात चेतनासोबत जया उभी राहिली. रजा टाकून आलेली, इस्त्रीची निळी साडी, हातात स्टीलचा मोठा डबा. झाकण घट्ट होतं, तरी मसाल्याचा वास दरवळत होता. आत अनिरुद्ध सर विश्वस्तांना खुर्च्या दाखवत होते. सुगंधा लगबगीनं पुढे झाली.

"या ना जयाताई. हा डबा... आपण स्टाफरूममध्ये ठेवूया का? इथे जरा..."



"मेसेज वाचला होता मी," चेतना म्हणाली. "पण मला वाटलं, तो बाकीच्यांसाठी आहे. आम्हाला तर तुम्हीच सांगितलं होतंत."

जयानं लेकीच्या दंडावर हात ठेवला. "असू दे गं. कुठे ठेवायचा, दाखवा मॅडम."

कार्यक्रम रंगला. ढोकळा आला, इडल्या आल्या. सुगंधानं घावणे आणि नारळाचा रस आणला होता. तिचे वडील धोंडू परब मालवणाकडून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, हे तिनं सांगितलं. त्यांना जेवताना सुका बांगडा लागायचाच, हे मात्र सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. "हीच खरी विविधता," एक विश्वस्त म्हणाले. मग सुगंधानं चेतनाच्या आईला बोलावलं. जया उठली.

"मी पोस्टात असते. सगळ्यांचं जेवण चांगलं झालंय," एवढं बोलून ती बसली.

पाहुण्यांना निरोप देऊन सुगंधा स्टाफरूमकडे धावली. मायलेकी डबा घेऊन गेल्या होत्या. कुणीतरी खिडक्या उघडून सुगंधी फवारा मारला होता.

रविवारी ती भांडुपला गेली. जयानं तिला बसायला सांगितलं, चहा टाकला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"सरांनी मनाई केली होती, पण..." सुगंधानं सुरुवात केली.

"सरांचा राग नाही मला," जया शांतपणे म्हणाली. "त्यांनी मला बोलावलंच नव्हतं."

सुगंधानं कप खाली ठेवला. "चुकलं माझं, ताई. मी वर्गात सगळ्यांसमोर माफी मागते."

तेवढ्यात दार उघडून चेतना बाहेर आली. "नको मॅडम. म्हणजे परत आमचाच डबा सगळ्यांसमोर उघडायचा ना? पोरं परत माझ्याकडेच बघणार. बोलायचंच असेल तर सरांशी बोला. तिथे मी नसेन."

सोमवारी विभागाची बैठक होती. सुगंधा उभी राहिली. पुढच्या वर्षी शाकाहाराची अट नको, ती म्हणाली. "अट तुमची होती सर, पण दारात डबा अडवला मी. आणि तो मीच आणायला लावला होता." डबा कुणाचा, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. काही जण मोबाईल बघत राहिले. अनिरुद्ध सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढा मनस्ताप होत असेल तर पुढच्या वर्षी कार्यक्रमच नको." विषय तिथेच मिटला.

महिनाअखेरीला ती कायम झाली. बैठकीत बोलल्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे आधीही बोलता आलं असतं, हा विचार काही तिची पाठ सोडेना. सहकाऱ्यांनी पेढे मागितले, तिनं वाटले.

पुढच्या सत्रात चेतनानं दुसरा विषय घेतला. एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"बरी आहेस ना गं?" सुगंधानं विचारलं.

"हो मॅडम," चेतना म्हणाली आणि तिला वाट द्यायला कठड्याला टेकून उभी राहिली. आईची चौकशी करावी असं सुगंधाच्या ओठांवर आलं होतं. पण तो हक्क आपण गमावलाय असं तिला वाटलं, आणि ती खाली उतरून गेली.